साधा क्रूझ की अडॅप्टिव्ह? ब्रेक कोण मारणार ते आधी बघा

लांबच्या प्रवासासाठी बाइक घेणारा शोरूममध्ये विचारतो, "क्रूझ कंट्रोल आहे का?" उत्तर मिळतं, "आहे." घोळ इथूनच सुरू होतो, कारण या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. साधा क्रूझ तुम्ही ठरवलेला वेग धरून ठेवतो. अडॅप्टिव्ह क्रूझ पुढच्या वाहनापासूनचं अंतर राखतो आणि त्यासाठी स्वतःहून वेग कमी करतो, गरज पडली तर ब्रेकही लावतो. आपल्या हायवेवर फिरणाऱ्याने साधा क्रूझ जरूर घ्यावा, अडॅप्टिव्हसाठी मात्र जादा पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

साधा क्रूझ आता श्रीमंतांची चैन राहिलेला नाही. थ्रॉटलला (वेग देणाऱ्या उजव्या मुठीला) केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक जोडणी, म्हणजे राइड-बाय-वायर असलं, की तो देणं कंपनीला सोपं जातं. टीव्हीएस अपाची आरटीआर 310 आणि केटीएम 390 अॅडव्हेंचरवर तो आहेच. 2025 मध्ये तर हीरोने ग्लॅमर एक्स या 125 सीसीच्या गाडीवरही तो दिला. पुण्याहून कोल्हापूरला एका दमात गेलेल्या कुणालाही विचारा, उजव्या तळहाताला मुंग्या कुठे यायला लागतात ते तो सांगेल. थ्रॉटलची स्प्रिंग सतत उलटी ओढत असते आणि तासन् तास ती पिळून धरावी लागते. क्रूझ लावला की मनगट मोकळं होतं, बोटं नुसती ब्रेकच्या लिव्हरवर ठेवता येतात. चौपदरी रस्त्यावर दुचाकीला 80 ची मर्यादा आहे. मोकळ्या रस्त्यावर काटा हळूहळू 95 वर सरकतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. तेही क्रूझमुळे थांबतं. ब्रेक किंवा क्लच दाबला की तो सुटतो. ब्रेक कोण मारणार याबद्दल डोक्यात कसलाही संभ्रम राहत नाही: तुम्हीच.

अडॅप्टिव्ह क्रूझ बाइकवर आला तो 2020 च्या शेवटी. डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही4, बीएमडब्ल्यू आर 1250 आरटी आणि केटीएम 1290 सुपर अॅडव्हेंचर एस या गाड्या थोड्याथोड्या अंतराने जाहीर झाल्या. तिन्हींवरची रडार यंत्रणा बॉश या कंपनीची. गाडीच्या नाकावर बसवलेलं रडार पुढच्या वाहनाचं अंतर आणि वेग मोजतं. मल्टिस्ट्राडावर ही यंत्रणा ताशी 30 ते 160 किलोमीटरच्या दरम्यान चालते आणि अंतराच्या चार पायऱ्या निवडता येतात. गियर मात्र या गाड्यांवर तुम्हालाच बदलावे लागतात. यंत्रणा ब्रेक मारते, पण हात राखून. बाइकवर सीटबेल्ट नसतो. हात सैल सोडून बसलेल्या माणसाला गाडीने अचानक जोरात ब्रेक मारला तर तो टाकीवर आदळेल, म्हणून कंपन्यांनी या ब्रेकची ताकद मुद्दाम मर्यादित ठेवली आहे. हा काही इमर्जन्सी ब्रेक नव्हे.

थांबलेल्या वाहनांचं काय, हे तर नीट समजून घ्यायलाच हवं. आर 1250 आरटीबद्दल बीएमडब्ल्यूने स्वतःच सांगितलं आहे की ट्रॅफिक जॅमचं शेपूट किंवा सिग्नलला उभी असलेली वाहनं ही यंत्रणा जमेस धरत नाही. यामागे कारण आहे. रडारला पूल, दिशादर्शक फलक, दुभाजकाचा कठडा असं सगळंच स्थिर दिसतं. त्या प्रत्येकासाठी गाडी ब्रेक मारू लागली तर चालवणंच अशक्य होईल, म्हणून स्थिर गोष्टी गाळल्या जातात. आता हे सोलापूर रस्त्यावर नेऊन बघा. दिवस मावळल्यावर भिगवणच्या पुढे एखादा ट्रक बंद पडून अर्धा लेनमध्ये उभा असतो. टेललाइट नाही. मागे बाभळीची फांदी खोचलेली आणि त्याच्याही मागे डांबरावर दगड मांडलेले. ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतात. त्या दगडांसाठी रडार गाडी थांबवणार नाही, उभ्या ट्रकच्या बाबतीतही त्याचा भरवसा धरता येणार नाही. गाळप हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर ताशी 20 ने चाललेला असतो. तो हलता असल्याने रडारला दिसू शकेल, पण तुम्ही 80 वर असाल तर अंतर सेकंदाला सोळा-सतरा मीटरने संपत येतं. एवढा फरक भरून काढायला तो हात राखून मारलेला ब्रेक पुरेलच असं नाही. राँग साइडने समोरून येणारी मोपेड तर या यंत्रणेच्या हिशेबातच नाही.

दुसरी अडचण रोजची. 80 च्या वेगाला दीड सेकंदाचं अंतर म्हणजे साधारण 33 मीटर. आपल्याकडे एवढी मोकळी जागा कुणी मोकळी राहू देत नाही. कार घुसते, बाइक मागे सरते. पुन्हा जागा होते, टेम्पो घुसतो. पुढचं वाहन लेन बदलून बाजूला झालं की गाडी आपणहून ठरवलेल्या वेगाकडे झेपावते, मग समोर चौकात रस्ता ओलांडणारे लोक का असेनात. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती माणसाच्या सवयीची. दहादा गाडीने नीट वेग कमी केला की अकराव्या वेळी बोटं लिव्हरवर उशिरा पोचतात.

जर्मनीच्या ऑटोबानवर हेच यंत्र सुखाचं आहे. तिथे प्रवेश नियंत्रित, सगळे एकाच दिशेला, लेन पाळणारे. तिकडे राहणाऱ्या मराठी रायडरने ते खुशाल घ्यावं. आपल्याकडे तसे रस्ते आहेत, पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे दोन्ही दुचाकींना बंद आहेत. जिथे अडॅप्टिव्ह शोभलं असतं तिथे आपल्याला प्रवेशच नाही.

रडार म्हटलं की अडॅप्टिव्ह क्रूझ असणारच, हाही एक गैरसमज. मागे बसवलेलं रडार वेगळं काम करतं: शेजारच्या किंवा मागून वेगात येणाऱ्या वाहनाची सूचना देतं. अल्ट्राव्हायोलेट एक्स-47 या इलेक्ट्रिक बाइकचं रडार असं मागचं आहे. मल्टिस्ट्राडावर पुढचं आणि मागचं दोन्ही मिळतं. निवडायची वेळ आली तर मी मागचं घेईन, कारण आपल्याकडे डावीकडूनही कट मारून जातात आणि हे रडार नुसतं सांगतं, गाडीचा ताबा घेत नाही.

खंबाटकी, आंबोलीसारख्या घाटात आणि पावसात साधा असो वा अडॅप्टिव्ह, बंदच ठेवावा. थ्रॉटलवर बसवायचे स्वस्तातले थ्रॉटल लॉक क्रूझ कंट्रोलच्या नावाने खपवले जातात. ब्रेक दाबल्यावर ते सुटत नाहीत, थ्रॉटल हातानेच मागे फिरवावा लागतो. त्यांच्या वाटेला जाऊ नका. टेस्ट राइड घेताना मोकळ्या रस्त्यावर क्रूझ लावून पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक आणि क्लच अशा तिन्हींनी तो सुटतो का ते एकेक करून बघा. बटणापर्यंत अंगठा पोचतो का, हेही पाहा, आणि तेही हातमोजे घालूनच.