ब्लूबेरीची शंभर वर्षे आणि पुण्याची चुनखडी

पुण्याच्या परिसरात ब्लूबेरी लावावी का, असा विचार करणाऱ्या बागायतदाराने आधी या झुडपाचा इतिहास पाहावा. लागवडीखाली येऊन जेमतेम शंभर वर्षे झालेले हे फळपीक आहे आणि त्याच्या गरजा ज्या शोधांतून कळत गेल्या, त्याच गरजा आज आपल्यापुढे अडचणी म्हणून उभ्या आहेत.

उंच झुडपाची ब्लूबेरी, म्हणजे व्हॅक्सिनियम कोरिंबोसम, मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील पाणथळ रानांतली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तिची फळे रानातूनच वेचून बाजारात येत. झुडूप उपटून चांगल्या खतावलेल्या बागेत लावले की ते खंगत जाई. अमेरिकेच्या कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९०६ मध्ये याचा अभ्यास हाती घेतला आणि १९१० मध्ये आपले निष्कर्ष पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. इतर पिके ज्या कसदार, चुनायुक्त मातीत जोमाने वाढतात तीच माती ब्लूबेरीला मारक ठरते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. तिला आम्लधर्मी माती लागते. आज साधारण ४.५ ते ५.५ सामूची (पीएच; ७ पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी) शिफारस केली जाते. तिच्या बारीक, उथळ मुळांना केशमुळे नसतात आणि रानात मुळांच्या आश्रयाने राहणारी बुरशी तिला अन्नद्रव्ये मिळवून देते.

न्यू जर्सीतील एका क्रॅनबेरी बागायतदाराची कन्या एलिझाबेथ व्हाइट यांनी १९११ मध्ये ही पुस्तिका वाचली आणि कोव्हिल यांना पत्र लिहून प्रयोगांसाठी आपली जमीन देऊ केली. त्यांचा वाटा मला कोव्हिल यांच्याइतकाच मोलाचा वाटतो. रानाची खडान्‌खडा माहिती असलेल्या स्थानिक वेचकऱ्यांना त्यांनी पाच-अष्टमांश इंची, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटरचे, माप दिले; त्या मापाची मोठी फळे धरणारे झुडूप दाखवणाऱ्याला पैसे मिळत आणि झुडपाला त्याचेच नाव दिले जाई. रूब लीक यांच्यावरून आलेला ‘रुबेल’ हा वाण आजही लावला जातो. निवडलेल्या झुडपांचे संकर कोव्हिल करीत राहिले आणि १९१६ मध्ये न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉग येथून लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल विक्रीस गेला.

दुसरा शोध थंडीचा. कोव्हिल यांनी हरितगृहातील झुडपाची एक फांदी काचेतल्या छिद्रातून बाहेर काढून ठेवली. हिवाळा सरल्यावर गारठ्यात राहिलेली ती फांदी पालवली, उबेतले बाकीचे झुडूप मात्र सुप्तच राहिले. उत्तरेकडील वाणांना ७ अंश सेल्सिअसखालील साधारण ८०० ते १००० तास मिळावे लागतात, त्यामुळे हे पीक दीर्घकाळ थंड प्रदेशापुरतेच मर्यादित राहिले. ही अट सैल केली ती फ्लोरिडा विद्यापीठातील राल्फ शार्प यांनी, दक्षिणेकडील सदाहरित व्हॅक्सिनियम डॅरोवाय या जातीशी संकर घडवून. एकीत ४८ आणि दुसरीत २४ गुणसूत्रे असल्याने हा संकर सोपा नव्हता. परंतु डॅरोवायच्या काही प्रजननपेशींत गुणसूत्रांची संख्या निम्मी होत नाही, आणि तिथूनच वाट निघाली. १९७० च्या दशकात ‘शार्पब्लू’ हा वाण आला, १९९८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने ‘बिलॉक्सी’ प्रसारित केला आणि अशा कमी थंडीच्या वाणांवरच पुढे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या वाळवंटी किनाऱ्यावर प्रचंड निर्यात उभी राहिली.

पुण्यात पहाटेचा पारा हिवाळ्यात दहाच्या आसपास उतरतो, पण सातखाली फार वेळ टिकत नाही. म्हणून इथे विचार करायचा तो या दक्षिणी वाणांचाच. शिवाय सुप्तावस्थेत न जाणाऱ्या वेलीकडून पीक घेण्याची विद्या आपल्या द्राक्ष बागायतदारांना अवगत आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड, हे त्यांच्या हातचे काम आहे, आणि ते रसायन ब्लूबेरीतही वापरले जाते. पुण्याजवळच्या मांजरी गावातील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात १९९७ पासून द्राक्षावर जसे सलग काम झाले, तसे या झुडपावरही व्हावे, असे मनापासून वाटते.

खरा अडसर मातीचा आहे. बेसाल्टपासून बनलेल्या आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो आणि चुनखडीच्या रानात गंधक टाकून तो उतरवायला गेले तर चुना त्याला पुरून उरतो. मग मुळांना लोह मिळत नाही आणि शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडतात. उसात आपण ज्याला केवडा म्हणतो, तेच लक्षण. महाबळेश्वरची जांभी माती आम्लधर्मी आहे, पण तिथल्या पावसात उथळ मुळे गुदमरणार नाहीत याची वेगळी तजवीज करावी लागेल. म्हणून पुण्याच्या बाजूला धुतलेल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) कुंड्या हाच मार्ग उरतो. तरीही विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट रोज ठिबकमधून जात राहिले, तर कोकोपीटचा सामूही हळूहळू वर चढतो. पाण्यात आम्ल मोजून मिसळणे आणि नत्र अमोनियम सल्फेटसारख्या खतातून देणे इथे टाळता येत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये भारताने अमेरिकी ब्लूबेरीवरील आयातशुल्क कमी करण्यास मान्यता दिली. त्यामुळे आयात माल महाग आहे, एवढ्याच भरवशावर इथे लागवडीचा हिशेब मांडता येणार नाही. पुण्यातल्या चाचण्यांची सुरुवात वाणांच्या तुलनेआधी पाण्यापासून व्हावी: दर आठवड्याला कुंडीतून निचरणाऱ्या पाण्याचा सामू आणि क्षारता मोजावी, आणि त्या नोंदी छाटणीच्या व फुलोऱ्याच्या तारखांशेजारी लिहून ठेवाव्यात.