पाखंड हा राजद्रोह कसा ठरला

इन्क्विझिशन म्हटले की आपल्याला आधी गोवा आठवतो. तिथले धर्मन्यायालय १५६०चे. पण साक्षीदाराचे नाव आरोपीपासून लपवणे, मालमत्ता जप्त करणे ही त्याची हत्यारे तीनशे वर्षे आधीच दक्षिण फ्रान्समध्ये पाजळली गेली होती.

ल्योंचा व्यापारी वाल्डो याने ११७३च्या सुमारास संपत्ती वाटून टाकली आणि रस्त्यावर उपदेश सुरू केला. ११८४ मध्ये पोपने त्याच्या अनुयायांना पाखंडी, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्ध जाणारे, ठरवले. पुढे पंचवीसेक वर्षांत असिसीचा फ्रान्सिस तसेच दारिद्र्य पत्करून रोमला गेला, त्याला मात्र मान्यता मिळाली. वाल्डोचे लोक उपदेश थांबवा म्हटल्यावर थांबले नव्हते. गोम इथेच आहे.

दक्षिण फ्रान्समधल्या कॅथर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे प्रकरण याहून गंभीर. हे दृश्य जग दुष्ट शक्तीने घडवले, असे ते मानत. मग पाद्री, क्रूस, बाप्तिस्मा सगळेच फोल. शिवाय त्यांचे साधक शपथ घेत नसत. आज हे किरकोळ वाटेल, पण त्या काळी जमीन, चाकरी, न्यायनिवाडा सगळे शपथेवर चाले. शपथ नाकारणारा माणूस राजालाही नकोच होता.

११९९ मध्ये पोप तिसरा इनोसंट याने रोमन कायद्याचा आधार घेऊन पाखंडाला राजद्रोहाच्या पंगतीला बसवले आणि जप्तीची वाट मोकळी केली. माझ्या मते खरे वळण हेच. १२०८ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये पोपच्या दूताचा खून झाला, पोपने कॅथरांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले आणि पुढच्या वर्षी फौजा चालून गेल्या. बेझिये शहरात वीस हजार माणसे कापल्याचे पोपच्या प्रतिनिधींनीच कळवले. आकडा फुगवलेला असावा, कत्तल खरी. (‘सगळ्यांना मारा, देव आपली माणसे ओळखेल’ हे वाक्य एका जर्मन मठवासीयाने पुढे बऱ्याच वर्षांनी लिहिले.) उत्तरेकडच्या सरदारांना जमिनी मिळाल्या आणि १२७१ मध्ये दक्षिणेतले तुलूझ फ्रेंच राजाच्या ताब्यात गेले.

घराघरांतली श्रद्धा मात्र तलवारीला सापडेना. म्हणून १२३० च्या दशकात पोपने चौकशी अधिकारी नेमले. १२४५-४६ मध्ये तुलूझ परिसरात पाच हजारांवर लोकांच्या जबान्या झाल्या. १२५२ मध्ये छळालाही परवानगी मिळाली. बहुतेकांच्या वाट्याला सरणाऐवजी कपड्यांवर शिवलेला पिवळा क्रूस, तीर्थयात्रा किंवा कैद आली. जाळायचे काम राजाच्या माणसांकडे, कारण चर्चने रक्त सांडायचे नाही, असा नियम!

ज्ञात असलेला शेवटचा कॅथर साधक बेलिबास्त १३२१ मध्ये जाळला गेला. त्याला फितुरीने पकडून देणारा आर्नो सिक्र हा एका कॅथर बाईचाच मुलगा. ती बाई जाळली गेली होती, आणि तिची जप्त झालेली मालमत्ता त्याला परत हवी होती.