टिटॅनियमच्या मिश्रधातू : गंजरोध व पृष्ठीय ऑक्साइड पटल

हवा, समुद्राचे पाणी व ओला क्लोरीन यांत टिटॅनियम गंजत नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावर टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचे पातळ पटल आपोआप तयार होते. मूळ धातू अतिशय क्रियाशील आहे. तिचे प्रमाण विद्युत् वर्चस् (इलेक्ट्रॉन सोडण्याच्या प्रवृत्तीचे माप; जितके ऋण तितकी धातू क्रियाशील) सुमारे −१.६३ व्होल्ट, म्हणजे जस्ताच्याही (−०.७६) बरेच खाली. पटलाची जाडी नेहमीच्या तापमानाला काही नॅनोमीटर इतकीच असते. ते खरवडले गेले, तरी हवेचा किंवा पाण्याचा अंश मिळताच क्षणार्धात भरून येते. या अवस्थेस निष्क्रियता म्हणतात.

संकल्पनेचा उगम लोखंडाच्या अभ्यासात आहे. तीव्र नायट्रिक अम्लात लोखंड विरघळेनासे होते, हे जेम्स केर यांनी १७९० च्या सुमारास नोंदविले. ‘निष्क्रिय’ या अर्थाची संज्ञा मात्र शेनबाइन व फॅराडे यांच्या १८३६ मधील पत्रव्यवहारापासून रूढ झाली. फॅराडे यांनी ऑक्साइडाच्या थराची कल्पना मांडली. विसाव्या शतकात गंजसंशोधक युलिग यांनी अधिशोषित (पृष्ठभागाला चिकटलेल्या) ऑक्सिजनाचा एकच थर पुरेसा असल्याचे प्रतिपादन केले. टिटॅनियमापुरता पटलवाद (ऑक्साइडाच्या थराचे मत) अधिक समाधानकारक वाटतो, कारण क्ष-किरण वर्णपटीय मापनांत ऑक्साइड प्रत्यक्ष आढळते. बाहेर डाय-ऑक्साइड व धातूलगत कमी ऑक्सिजनाची ऑक्साइडे, असा त्याचा क्रम दिसतो. पटल कसे वाढते, याविषयी काब्रेरा व मॉट (१९४८-४९) प्रबळ विद्युत् क्षेत्रातील आयनांच्या स्थलांतरावर भर देतात, तर मॅकडोनाल्ड यांचे १९८० च्या दशकारंभीचे प्रतिमान स्फटिकजालातील रिक्त जागांच्या हालचालीवर. संरचनेबाबत काही ग्रंथांत रुटाइल, काहींत ॲनाटेज (दोन्ही टिटॅनियम डाय-ऑक्साइडाची स्फटिकरूपे) असे लिहिलेले असते. नेहमीच्या तापमानाला बनलेले पटल बहुधा अस्फटिकी असते व उच्च तापमानाला रुटाइल संभवते. तेव्हा हा मतभेद बराचसा नमुना कसा तयार केला, यातूनच आला असावा.

पटलाला लागणारा ऑक्सिजन धातू पाण्यातूनही घेते. बडोद्याच्या परिसरातील कॉस्टिक सोड्याच्या उद्योगात याचे महत्त्व सर्वांत ठळकपणे दिसते. मिठाच्या पाण्याचे विद्युत् विच्छेदन करणाऱ्या सेलमधून निघणारा क्लोरीन गरम व बाष्पयुक्त असतो. तो पोलादाला खातो, पण टिटॅनियमाच्या शीतकातून निर्धोक जातो. पुढे सल्फ्यूरिक अम्लाने तो सुकविला, की भूमिका उलटतात: सुका क्लोरीन पोलादी नळांतून नेता येतो, टिटॅनियम मात्र त्यात पेट घेते. सुरक्षिततेसाठी लागणारे पाणी साधारण एक टक्क्याच्या आसपास धरतात. तापमान, दाब व प्रवाह यांप्रमाणे हा आकडा बदलतो. कोठे टिटॅनियम संपवून पोलाद सुरू करावयाचे, हा म्हणूनच प्राणरक्षणाचा प्रश्न आहे.

सेलच्या धनाग्रात हेच पटल अडचणीचे ठरते. उघड्या टिटॅनियमावर ते जाड होऊन विद्युत् प्रवाह अडविते. १९६० च्या दशकात हेन्री बीअर यांनी टिटॅनियमावर रूथेनियम ऑक्साइडाचा लेप देण्याची पद्धत विकसित केली. तिने ग्रॅफाइटची धनाग्रे मागे पडली.

मिश्रधातूंमध्ये सर्वांत प्रचलित ६% ॲल्युमिनियम व ४% व्हॅनेडियमयुक्त मिश्रधातू बळकटीसाठी निवडली जाते. गंजरोधात ती शुद्ध धातूहून सरस नाही. व्हॅनेडियमाविषयीच्या शंकेमुळे शरीरातील रोपणांसाठी नायोबियमयुक्त पर्याय पुढे आला. गंजरोध खरोखर वाढवितो तो पॅलेडियम. ०.१२ ते ०.२५% इतक्या अल्प प्रमाणातही तो विद्युत् वर्चस् निष्क्रिय टप्प्यात ढकलतो. किंमत परवडत नसल्यास ०.३% मॉलिब्डेनम व ०.८% निकेल असलेली मिश्रधातू वापरतात.

हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल व फ्ल्युओराइडे पटल विरघळवितात. गरम हायड्रोक्लोरिक व सल्फ्यूरिक अम्लेही घातक. निर्जल मेथॅनॉलात ताणाखाली तडे जातात. गॅस्केटखालील (सांध्यातील गळती रोखणाऱ्या चकतीखालील) फटीत, क्लोराइडाचे पाणी सुमारे ७०-८०° सें. वर गेल्यास, ऑक्सिजन संपून अम्लता वाढते व तेथे फटक्षरण सुरू होते.

जोडकामात आर्गॉनचे आवरण अपुरे पडल्यास सांधा निळा किंवा करडा होतो. हा रंग शोभेच्या धनाग्रीकरणातील (विजेने पटल जाड करण्याच्या क्रियेतील) रंगाप्रमाणेच पटलाच्या जाडीमुळे येतो. येथे मात्र तो धातूत ऑक्सिजन शिरून ठिसूळपणा आल्याची सूचना समजतात. पोलादी ब्रशने घासल्यास लोखंडाचे कण रुततात आणि पुढे तेथूनच हायड्रोजन आत जाऊ शकतो. त्यासाठी टिटॅनियमाचे काम पोलादाच्या कामापासून वेगळे, स्वतंत्र हत्यारांनी करतात.