पेटी उघडीच आणा: गाडीचे जड पार्ट परदेशी पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी

‘किलोला किती?’ हा फोनवरचा पहिला प्रश्न. जहाजाने सुटा माल (म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये) जातो तेव्हा भाडं नुसत्या किलोवर ठरत नाही. घनमीटर आणि टन यांत जो आकडा मोठा, त्यावर ठरतं; आणि आमच्याकडे कमीत कमी एक घनमीटर धरतात. 120 बाय 100 बाय 80 सेंटीमीटरची पेटी 0.96 घनमीटर भरते. तिच्यात मारुती जिप्सीचा एकटा गिअरबॉक्स ठेवा, नाहीतर सोबत डिफरन्शियल, ॲक्सल, स्टार्टर घाला, जहाजभाडं तेवढंच. म्हणून लिस्बनच्या किंवा स्विंडनच्या भावाला काय काय लागणार ते आधी विचारून घ्या. विमानाचं गणित वेगळं: 170 बाय 50 बाय 40 चा बंपरचा खोका हाताला हलका, पण गुणाकाराला 6000 ने भागून बिल येतं 57 किलोचं.

आता कळकळीची विनंती. पेटी खिळे मारून बंद करून आणू नका. आम्ही ती उघडतोच, त्यात अर्धा दिवस जातो आणि तुमच्या फळ्याही फुटतात. संशय म्हणून नव्हे. ‘तेल काढलंय’ म्हणजे बहुधा ड्रेन प्लगमधून आलं तेवढं. फिल्टरमध्ये आणि सम्पच्या (तळाच्या तेलाच्या भांड्याच्या) कोपऱ्यात ते राहतंच. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) वेगळा, त्याचा प्लगही वेगळा, तो हमखास विसरतात. प्लग उघडे ठेवून पार्ट रात्रभर ट्रेवर कलता ठेवा, मग प्लग घट्ट करा. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल उरलं तर माल धोकादायक ठरून अडतो. कंटेनरमध्ये तेल झिरपलं तर शेजारच्याच्या मालाची भरपाई तुमच्या माथी.

दुसरं कारण लाकूड. मेस्ताने (सुताराने) प्रेमाने बनवलेली फणसाच्या फळ्यांची पेटी मजबूत असते, पण लाकडातली कीड मरावी म्हणून 56 अंशांवर 30 मिनिटं तापवल्याचा शिक्का तिच्यावर नसतो. अशी पेटी तिकडच्या बंदरावर अडते, परत येते किंवा नष्ट करतात, खर्च तुमचा. प्लायवूडला शिक्का लागत नाही. मात्र प्लायवूडच्या पेटीखाली साध्या लाकडाचे दोन ओंडके ठोकले की पुन्हा तेच. आमची पेटी मेस्ताच्या पेटीपेक्षा महाग पडते, खरं आहे; तिच्या ओंडक्यांवरही शिक्का असतो. पार्ट उघडे आणलेत तर तुमच्यासमोर तासाभरात बंद करून देतो.

मशीनवर घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागांवर ग्रीस लावा, वर गंजरोधक कागद. वर्तमानपत्र नको, ते आपल्या पावसाळी हवेतली ओल धरून बसतं. एअरबॅग, बॅटरी, गॅसचे शॉक ॲब्झॉर्बर असतील तर आधी सांगा, पेटीच्या तळाशी सरकवू नका.

तिकडच्या बंदरावरची फी आणि ड्यूटी आमच्या दरात धरलेली नाही, ती माल घेणाऱ्याने भरायची. पार्टची यादी, बिल आणि पार्टवर ठोकलेल्या नंबरचा फोटो पाठवलात की भाडं त्याच दिवशी कळवतो.