गॅस पुसून घे

"पोळ्या झाल्या की गॅस पुसून घे," असं आई ओट्यापाशी उभी राहून सांगायची आणि आम्ही निमूटपणे पुसायचो. गॅस पुसता कसा येईल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आपल्याकडे गॅस लावतात, बारीक करतात, बुक करतात आणि गॅसवाला तो खांद्यावरून जिना चढून आणतो. शेगडी, टाकी, आतलं इंधन, सगळ्यांना मिळून एकच शब्द. शिवाय रात्री वालाची उसळ जास्त झाली तर होतात ते 'गॅसेस'. ते मात्र कायम अनेकवचनी.

बहुतेक शब्द कुणी पहिल्यांदा उच्चारले हे कळायला मार्ग नसतो. या शब्दाचा जन्मदाता मात्र नावानिशी माहीत आहे: यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट, सतराव्या शतकातला ब्रुसेल्सचा वैद्य. त्याने ६२ पौंड कोळसा जाळला तेव्हा राख उरली जेमतेम १ पौंड. मग बाकीचे ६१ पौंड गेले कुठे? ते एका अदृश्य 'रानटी' द्रव्याच्या रूपात निसटले, असं त्याने ठरवलं. द्राक्षरस आंबताना बुडबुडे येतात तेही हेच द्रव्य, हेही त्याने ओळखलं. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

त्या काळी जे हवेसारखं दिसेल ते सगळं हवाच, अशी समजूत होती. हेल्मोंटला हवेहून वेगळं काहीतरी सापडलं होतं, म्हणून नावही नवं लागणार होतं. ग्रीक भाषेत सृष्टीच्या आधीच्या, आ वासलेल्या पोकळीला 'खाओस' म्हणत. इंग्रजीतला केऑस तो हाच. हेल्मोंटच्या बोलीत 'ग' घशातून खरवडून, जवळजवळ 'ख'सारखा निघतो. त्यामुळे 'गास' लिहिलं तरी त्याच्या कानाला ते खाओसच्या अगदी शेजारचं वाटत होतं. प्राचीनांच्या खाओसपासून हा शब्द फार लांब नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तो १६४४ साली वारला आणि १६४८ मध्ये मुलाने त्याचे लेख छापले, त्यात हे सगळं आहे. त्याने 'ब्लास' असा आणखी एक शब्द घडवला होता, ताऱ्यांच्या गतीमागच्या शक्तीसाठी. तो कुणी उचलला नाही.

पण हेल्मोंट शाळेच्या पुस्तकांत येतो तो विलोच्या झाडामुळे. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती कुंडीत भरली, त्यात ५ पौंडांचं रोपटं लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन १६९ पौंडांच्या वर गेलं, माती मात्र कमी झाली अवघी दोन औंस. म्हणजे लाकूड, साल, मुळं सगळं पाण्यापासून झालं, असा त्याने निष्कर्ष काढला. तो निम्माच बरोबर होता. पाणी लागतंच, पण लाकडातला कार्बन येतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून. ज्या द्रव्याचं त्याने बारसं केलं तेच समोरच्या झाडात लाकूड होऊन उभं होतं आणि त्याला दिसलं नाही. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त माया वाटते ती इथे.

पुढे शतकभराहून अधिक काळ या शब्दाला फारसं कुणी विचारलं नाही. जोसेफ ब्लॅक, प्रीस्टली ही अठराव्या शतकातली रसायनशास्त्रज्ञ मंडळी 'अमुक हवा', 'तमुक हवा' असंच लिहीत राहिली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात तो नेटाने वापरला आणि मग तो रुळला. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर कोळशाच्या गॅसचे दिवे लागले, १८६० च्या दशकात मुंबईतही लागले. वरातीत डोक्यावरून मिरवायच्या त्या 'गॅसबत्त्या' मात्र रॉकेलच्या. तरी नाव खोटं नव्हतं. पंप मारला की रॉकेल तापलेल्या नळीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळून मेंटल, म्हणजे बत्तीतली जाळीदार पिशवी, पांढरंशुभ्र तापतं.

अमेरिकेत तर गॅस म्हणजे चक्क पेट्रोल, गॅसोलिनचं आखूड रूप. न्यू जर्सीहून भाची फोनवर म्हणाली, "गॅस भरायला थांबलेय," तेव्हा आमच्या आजीने विचारलं, "टाकी घेऊन गेलीस होय गाडीतून?"

आजीच्या टाकीतही गॅस कमी आणि द्रवच जास्त असतो. प्रोपेन आणि ब्यूटेन दाबाखाली पातळ होतात. बाहेर सुटले की हाच द्रव अडीचशे पटींच्या आसपास फुगतो. म्हणून तर १४.२ किलोंची टाकी महिना-दीड महिना पुरते. हेल्मोंटने गॅसची ओळख सांगितली होती ती अशी: हा भांड्यात कोंडता येत नाही आणि डोळ्यांना दिसेल अशा वस्तूत बदलताही येत नाही.

टाकीत किती उरलाय ते बघायला आजी तिच्यावरून ओलं फडकं फिरवते. वरचा रिकामा भाग लगेच वाळतो. खाली द्रव असतो तिथला पत्रा गार राहतो, ओल रेंगाळते. मधोमध एक आडवी रेघ उमटते. आजी तिच्यावर बोट ठेवते आणि म्हणते, "एवढा आहे अजून. चकल्या होतील."