मोकळ्या गुरांकडेही रोज बघावं लागतं

रविवारी सकाळी आरेत एका पशुवैद्य मैत्रिणीबरोबर गेले होते. रस्त्याकडेला मोकळी गुरं बसलेली आणि त्यांच्यापासून वीसेक पावलांवर एक गाय एकटीच. मला वाटलं आराम करतेय, पण मैत्रीण म्हणाली, तिचं तोंड बघ. बाकीच्या सगळ्या रवंथ करत होत्या, हिचं तोंड मात्र बंद आणि कान पडलेले. थोड्या वेळाने ती उठली तर मागचा डावा पाय टेकेचना, खुराच्या बेचक्यात खडा रुतला होता.

हे असं बघणं युरोपात निसर्ग राखण्याच्या कामाचाच भाग आहे. तिथे कुरणं जपायला मुद्दाम गुरं मोकळी सोडतात, कारण उंच गवत माजलं की छोटी फुलझाडं दबून जातात. गाय जिभेने गवत ओढून खाते त्यामुळे कुठे आखूड कुठे उंच राहतं, खुरांनी माती उघडी पडते तिथे बी रुजतं, आणि शेणावर किडे वाढतात. आपल्याकडे राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानात 1982 मध्ये चराई बंद केली आणि पाणथळ जागेत गवत एवढं माजलं की पाणपक्ष्यांनाच जागा उरेना. हे आपल्या फोर्टातल्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) अभ्यासातून पुढे आलं.

पण मोकळं सोडलं म्हणजे वाऱ्यावर सोडलं असं होता कामा नये. नेदरलँड्समधल्या ओस्टव्हार्डर्सप्लासन या राखीव पाणथळ भागात 1983 पासून हेक जातीची गुरं सोडली, पुढे घोडे आणि हरणंही आली, सगळ्यांभोवती कुंपण, त्यामुळे चारा संपल्यावर जायचं कुठे? 2017-18 च्या हिवाळ्यात 3,000 हून जास्त जनावरं गेली, त्यातली बहुतेक उपाशी तडफडू नयेत म्हणून गोळी घालून मारावी लागली. लोक कुंपणावरून गवत फेकत होते. मला हे वाचून फार वाईट वाटलं.

म्हणून तपासणी. गाय दुखणं लपवते, कारण दुबळं जनावर वाघ-लांडगा आधी हेरतो, ती सवय आजही अंगात आहे. सरळ अंगावर गेलात तर लंगडणारी गायही सरळ चालून दाखवेल, म्हणून लांबूनच, दुर्बीण असेल तर उत्तम. निरोगी गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते, घास गळ्यातून वर येताना दिसतो. डावी कूस बघायची, खोल खड्डा असेल तर खाल्लेलं नाही, फुगली असेल तर वायू अडकलाय आणि तिथे तासाभराचा उशीरही जिवावर बेततो. अंगावरचं मांस 1 ते 5 गुणांत मोजतात, कणा, कमरेची हाडं, शेपटीचं मूळ बघून. हिवाळ्यात थोडं उतरणारच, पण झपाट्याने उतरलं तर काळजी. शेण पातळ आहे का, तेही.

जंताचं औषधही सरसकट देत नाहीत, आधी शेणातली अंडी मोजतात, कारण आयव्हरमेक्टिनसारखं जंताचं औषध शेणातून बाहेर पडतं आणि तिथले किडेच मारतं, म्हणजे ज्यांच्यासाठी गुरं सोडली तेच जाणार.

आता गळ्यात बांधायचे जीपीएस पट्टेही आलेत, गाय कुठे आहे ते फोनवर कळतं, पण डोळ्यातून पाणी येतंय का ते पट्ट्याला काय कळणार? आणि सगळ्यात आधी मोजणी. एक कमी भरली तर पहिल्यांदा झाडीत शोधायचं, कारण व्यायला आलेली गाय आणि आजारी गाय दोघीही कळप सोडून आडोशाला जातात.