नागपूरचं ऊन आणि मुंबईचा उकाडा: एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही

एप्रिल लागला की तोच वाद सुरू होतो. नागपूरकर म्हणतो, "आमच्याकडे 45 असतं, तुम्ही 35 लाच काय रडता?" मुंबईकराचं उत्तर ठरलेलं, "तुमची हवा कोरडी, तिचा त्रास होत नाही." दोघंही चुकतात. आणि या चुकीमुळे हाल होतात ते सुट्टीत इकडून तिकडे जाणाऱ्यांचे, कारण ते आपल्या गावचे उपाय बरोबर घेऊन जातात.

ऊन म्हणजे काय हे नव्याने सांगायला नको. आकड्यांचंही थोडक्यात. उष्णतेची लाट ठरवताना हवामान विभाग मैदानी भागात किमान 40 अंश धरतो, किनारपट्टीवर 37, आणि शिवाय सहसा पारा सरासरीच्या किमान साडेचार अंश वर गेलेला असावा लागतो. मुंबईत अशी लाट पुष्कळदा मार्चमध्येच येते. पूर्वेकडून जमिनीवरचे वारे जोर धरतात आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटतो, तेव्हा. मे महिन्यात असतो तो उकाडा.

खरा घोळ होतो तो घामाबाबत. घाम आला की अंग गार होतं असं आपण धरून चालतो. पण अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून टपकला तर जवळपास काहीच नेत नाही, वर पाणी आणि मीठ मात्र गेलेलंच असतं. मुंबईच्या हवेत आधीच बाष्प भरलेलं, म्हणून घाम वाळायला जागाच नाही. 35 अंशांत माणूस निथळतो तो यामुळे, नाजूक आहे म्हणून नव्हे.

नागपुरात उलटं. घाम येता येताच वाळतो, दिसतच नाही. "मला घामच आला नाही" म्हणणाऱ्याचा गडद रंगाचा शर्ट संध्याकाळी नीट पाहा: पाठीवर, काखेपाशी मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. पाणी तितकंच गेलंय, फक्त कळलं नाही. म्हणून कोरडं ऊन जास्त फसवं, असं माझं ठाम मत आहे.

कुलरचंही गणित हेच. त्याच्या ओल्या ताट्यांतून कोरडी हवा गेली की पाणी वाळतं आणि हवा गार होते. मुंबईत तोच कुलर खोलीतली दमट हवा आणखी दमट करतो, पैसे पाण्यात. तिथे पंखा बरा. पण पारा चाळिशीपार गेला की नुसता पंखा अंगावर गरम झळाच मारतो. तेव्हा आधी अंग ओलं करावं, मग पंख्याखाली बसावं.

एक गोष्ट ऐकली की मला राग येतो: "घाम येतोय ना, मग उष्माघात नाही." घाम येत असतानाही उष्माघात होतो. उन्हात राबणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला की त्याच्या अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. खिशातला कांदाही लू अडवत नाही. तो ताटात घ्या.

आता रात्रीचं जेवण. पन्हं की कोकम सरबत यावर भांडू नका, मीठ घातलेलं कुठलंही चालेल. फरक पडतो तो स्वयंपाकघरात. मुंबईत उघड्या पातेल्यात तासभर काही उकळत ठेवलं की सगळी वाफ घरातच राहते आणि रात्रभर छळते. कुकरला वरण-भात, नाहीतर सकाळीच केलेली पोळी-भाजी आणि सोलकढी. रात्री आठ वाजता पुऱ्या तळायला मी तरी कुणाला सांगणार नाही. नागपुरात वाफेचं एवढं नाही, तिथे त्रास गरम भिंतींचा. झुणका-भाकर, कच्चा कांदा आणि तांब्याभर ताक, तेही गच्चीवर पाणी मारून झाल्यावर. भाकरी मात्र ओलसर फडक्यात गुंडाळून न्या, कोरड्या हवेत ती बघता बघता कडक होते. मुंबईत उरलेलं वरण झोपण्याआधी फ्रीजमध्ये टाका, नाहीतर सकाळी ते आंबलेलं असतं.